चार आठवड्यांवर इंटरव्ह्यू लूप आलाय आणि समोर कुणी बसलं की माझं तोंडच उघडत नाही

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी, दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी मूळचा मिरजेचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सांगलीला इलेक्ट्रॉनिक्सला बीई, कॅम्पसमधून एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत लागलो आणि तेव्हापासून हिंजवडीतच, सहा वर्षं झाली. जावा, ओरॅकल, क्लायंट परदेशातली बँक. काम वाईट नाही पण दोन वर्षं तेच तेच चाललंय, प्रमोशनचं विचारलं की पुढच्या सायकलला बघू. म्हणून गेल्या दिवाळीपासून डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) हातात घेतलं, रोज पहाटे साडेपाच ते साडेसात, लीटकोड या सरावाच्या साइटवर २८० प्रश्न झाले. कॉलेजच्या मित्राने एका मोठ्या अमेरिकन कंपनीच्या हैदराबाद ऑफिससाठी रेफरल दिला (नाव नको लिहायला), ऑनलाइन टेस्ट निघाली, फोन स्क्रीनही (फोनवरचा पहिला इंटरव्ह्यू) निघाला. आता चार आठवड्यांनी लूप आहे, म्हणजे एकामागून एक सगळे राउंड. तीन कोडिंग, एक सिस्टम डिझाइन (मोठी सिस्टम कशी बांधायची), एक बिहेवियरल (आधीच्या कामातले अनुभव). त्यातला एक राउंड प्रत्यक्ष हैदराबादला जाऊन द्यायचाय.

अडचण अशी की घरी एकटा असताना जो प्रश्न २५ मिनिटांत सुटतो तोच कुणी समोर असलं की डोक्यात चालू राहतो आणि तोंडातून काही येत नाही. फोन स्क्रीनला त्या मॅडमनी दोनदा विचारलं की माझा आवाज येतोय ना. मला वाटलं नेट गेलं, नंतर लक्षात आलं की मीच आठ-दहा मिनिटं गप्प बसलो होतो. त्यात इंग्रजी. लिहायला काही वाटत नाही, पण बोलताना वाक्य आधी मराठीत तयार होतं मग ते फिरवावं लागतं आणि तेवढ्यात मूळ विचार निसटतो.

दुसरं बिहेवियरलचं. माझ्याकडे सांगण्यासारखं मोठं काहीच नाही. सहा वर्षांत काय केलं तर रात्रीचा बॅच (आपोआप चालणारं मोठं काम) ५ तास चालायचा तो आम्ही सव्वा तासावर आणला, एवढंच. बाकी तिकिटं आणि सपोर्ट.

तिसरं म्हणजे हे सगळं करावं का. वाकडला फ्लॅट घेतलाय, ३८ हजार ईएमआय, बायको इथेच बँकेत आहे, आईबाबा मिरजेत एकटे. हैदराबादला जायचं आणि वर्षभरात ले-ऑफ झाला तर? कुणी आतून बघितलं असेल तर सांगा प्लीज.

रात्रपाळी

मी सात वर्षं अशाच एका कंपनीत हैदराबादला आहे आणि आत्तापर्यंत दोनशेच्या आसपास इंटरव्ह्यू घेतलेत, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने काय दिसतं ते सांगतो. तू गप्प बसतोस हा तुझ्या स्वभावाचा प्रश्न आहे असं तुला वाटतंय. मला तो माहितीचा प्रश्न वाटतो, कारण आत काय होतं हे कुणी तुला सांगितलेलंच नाही.

तर आत असं होतं. मी तुझ्याशी ४५ मिनिटं बोलतो आणि पूर्ण वेळ टाइप करत असतो. ती जी खटखट ऐकू येते ना, पोरं घाबरतात त्याला, वाटतं हा दुसरंच काहीतरी काम करतोय. ते तुझंच चाललेलं असतं. तू काय म्हणालास, कुठे अडकलास, मी इशारा दिल्यावर किती वेळात पकडलास, कोड कसा लिहिलास, सगळं उतरवून मी एक रिपोर्ट लिहितो. बाकीचे तिघं-चौघं आपापला लिहितात, एकमेकांचं न बघता. गूगलमध्ये हे सगळं हायरिंग कमिटीकडे जातं आणि त्या कमिटीतल्या कुणीही तुला पाहिलेलं नसतं. ॲमेझॉनमध्ये कमिटी नसते पण सगळे इंटरव्ह्यूअर लेखी फीडबॅक टाकून मगच चर्चेला बसतात. म्हणजे तुझ्या नोकरीचा निर्णय कागदावर होतो. तुझ्या डोक्यात जे चाललं होतं आणि तू बोलला नाहीस ते कागदावर येणार कुठून? मी कितीही चांगल्या मनाचा असलो तरी तू न बोललेलं मला लिहिता येत नाही. मला खूप वेळा वाईट वाटलंय रे, समोरचा हुशार आहे हे दिसत असतं आणि लिहायला हातात काही नसतं.

उदाहरण देतो. नेहमीचा प्रश्न, मीटिंगच्या वेळा दिल्यात, कमीत कमी किती खोल्या लागतील. आपण मंगल कार्यालय धरू. बुकिंग आहेत ९ ते १२, १० ते ११ आणि १२ ते ३. किती हॉल पाहिजेत?

एक मुलगा आला, प्रश्न वाचला, गप्प. अकराव्या मिनिटाला कोड लिहायला लागला. बरोबर लिहिला. मी काय लिहिणार? "उत्तर योग्य. विचार सांगितला नाही. पर्याय तपासले का ते कळलं नाही. प्रश्न आधी पाहिलेला असण्याची शक्यता." बघ, बरोबर उत्तर देऊन हा रिपोर्ट.

दुसरी मुलगी आली, तिने पहिल्याच मिनिटात विचारलं, एक कार्य १२ ला संपलं आणि दुसरं १२ ला सुरू झालं तर तोच हॉल चालेल की मध्ये झाडलोटीला वेळ धरायचा? मी म्हटलं चालेल. ती म्हणाली मग आधी साधं सांगते, प्रत्येक बुकिंग बाकी प्रत्येकाशी ताडून बघता येईल पण ते एन स्क्वेअर होईल, म्हणजे बुकिंग दुप्पट तर काम चौपट, बुकिंग लाखभर असली तर परवडणार नाही. सुरुवातीच्या वेळेने सॉर्ट करते आणि जे हॉल चालू आहेत त्यांच्या संपायच्या वेळा मिन-हीपमध्ये (सगळ्यात लहान आकडा कायम वर असतो त्यात) ठेवते. ९ ला पहिला हॉल उघडला, हीपमध्ये १२. दहाचं आलं, सगळ्यात लवकर मोकळा होणारा १२ ला होतोय, म्हणजे दुसरा हॉल. बाराचं आलं तेव्हा ११ वाला मोकळा झालेला आहे, तोच देते. उत्तर दोन, वेळ एन लॉग एन, म्हणजे एन स्क्वेअरपेक्षा खूपच कमी. मग कोड लिहिला, त्यात एके ठिकाणी लहान-मोठ्याची खूण उलटी पडली होती, १२ ते १२ ची केस हाताने चालवताना तिची तिलाच सापडली. माझं पान भरलं. तिचा कोड पहिल्या मुलाच्या कोडपेक्षा चांगला नव्हता हे लक्षात घे.

गप्प बसायचंच नाही असं नाही. "मला दोन मिनिटं विचार करायचाय" असं सांगून गप्प बस, मी थांबतो, आनंदाने थांबतो. दोन मिनिटांनी जे काय झालं असेल, अर्धवट का होईना, ते बोल. "हे चालणार नाही कारण अमुक" हेही माझ्या पानावर तुझ्या बाजूनेच जातं.

निळी_छत्री

इंग्रजीबद्दल माझं सांगते, मी लातूरची, मुलीच्या वेळी तीन वर्षं घरी होते आणि परत नोकरी शोधायला लागले तेव्हा हाच प्रॉब्लेम होता. मी काय केलं तर रोज एक सोडवलेलाच प्रश्न घ्यायचा आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून मोठ्याने समजावून सांगायचा, पहिले दहा दिवस चक्क मराठीत. कारण मला कळलं की माझा प्रॉब्लेम इंग्रजीचा नव्हता, मी मराठीतसुद्धा विचार करताना बोलत नव्हते. ती सवयच नव्हती, शाळेपासून उत्तर पूर्ण तयार झालं की मगच हात वर करायचा हेच शिकलोय ना आपण. ती सवय मराठीत मोडली आणि मग इंग्रजी आपोआप जोडत गेलं, कारण त्यातले निम्मे शब्द तसेही इंग्रजीच असतात, ॲरे, पॉइंटर, लूप, सॉर्ट. छोटी छोटी वाक्यं बोलायची. व्याकरण चुकलं तर चुकू द्यायचं, पुढे जायचं. मला ऑफर देणाऱ्या पॅनलमध्ये एक जण व्हिएतनामचा होता, एक पोलंडची, त्यांचंही इंग्रजी पुस्तकी नव्हतं.

रेकॉर्डिंग परत ऐकायला फार जड जातं पण ऐकाच. मी १९ मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये सलग ६ मिनिटं शांतता ऐकली तेव्हा मला समोरच्याला काय वाटत असेल ते कळलं.

कृष्णाकाठ

रात्रपाळी दादा, निळी छत्री ताई, खरंच आभार. ते कागदावरचं वाचून मी अर्धा तास नुसता बसून होतो, असा विचारच केला नव्हता. फोन स्क्रीनच्या मॅडमनी दोनदा इशारा दिला आणि मी दोन्ही वेळा लगेच पकडला, त्यावरच निघाला असेल आता वाटतं.

पण बिहेवियरलचं काय करू? तिथे तर बोलायलाच काही नाही.

रात्रपाळी

आहे. तो बॅच. नीट सांग बरं, काय होतं, कुणाच्या लक्षात आलं, काय केलं.

कृष्णाकाठ

बॅच व्याजाचा होता, साधारण ४० लाख खाती. रोज रात्री चालायचा, महिनाअखेरीला सकाळी बँक उघडायच्या आत संपायचा नाही, मग क्लायंटचे फोन. सगळे म्हणायचे डेटाबेसचं हार्डवेअर वाढवा. आम्ही लॉग बघितले तर दिसलं की प्रत्येक खात्यासाठी व्याजदर आणायला डेटाबेसकडे वेगळी क्वेरी (विचारणा) जातेय, म्हणजे ४० लाख क्वेऱ्या, आणि दर तर एकूण शंभरही नव्हते. मग दर एकदाच मेमरीत घेतले आणि खाती हजार-हजारच्या गठ्ठ्यात उचलली. लीडला पटत नव्हतं, चालू गोष्टीला हात लावू नको म्हणाले, म्हणून आम्ही नऊ रात्री जुना आणि नवा दोन्ही टेस्टच्या सर्व्हरवर चालवून निकाल ताडून बघितले. १७ खात्यांत एका सेंटचा फरक येत होता, ते शोधायला तीन दिवस गेले, जुन्या कोडमध्ये राउंडिंग प्रत्येक पायरीला व्हायचं आणि आमच्यात शेवटी एकदाच. ते जुन्यासारखं केलं मग १७ चेही जुळले. एवढंच आहे.

रात्रपाळी

आम्ही म्हणजे कोण?

कृष्णाकाठ

म्हणजे... मीच. रात्री मीच बसायचो. पण टीमचं काम होतं ना.

रात्रपाळी

हे बघ भावा, इथेच आपली माणसं मार खातात, मी स्वतः खाल्लाय. आपल्याकडे "मी केलं" म्हणणं बरं दिसत नाही, लहानपणापासून आम्ही, आपण. तो संस्कार चांगला आहे आणि ऑफिसात रोज वागायला तोच ठेव. पण त्या खोलीत "आम्ही" म्हटलंस की मला लिहावं लागतं, उमेदवाराचा स्वतःचा वाटा स्पष्ट नाही. मी विचारतो एकदा, दोनदा, तू काय केलंस, आणि समोरचा परत "वी डिसायडेड" म्हणतो, मग मी सोडून देतो. लीडने परवानगी दिली ते लीडचं नाव घेऊन सांग, क्लायंटच्या माणसाने टेस्ट डेटा दिला तर ते सांग, आणि लॉग मी वाचले, क्वेरी मला दिसली, नऊ रात्री ताडून बघायचं मी सुचवलं हे "मी" म्हणून सांग. जे झालं तेच सांगतोयस, त्यात बढाई कसली.

आणि "एवढंच आहे" म्हणालास ते १७ खात्यांचं? सगळ्या गोष्टीतला तोच भाग मी माझ्या रिपोर्टमध्ये सगळ्यात आधी लिहिला असता. ४० लाखांत १७ खाती, एका सेंटचा फरक, माणूस तीन दिवस त्याच्या मागे गेला. कितीतरी जण चालतंय म्हणून पुढे गेले असते. वेग वाढवणारे खूप भेटतात, निकाल जुळेपर्यंत न सोडणारे कमी. ही गोष्ट पाच मिनिटांत सांगता येईल अशी बसव आणि पुढचे प्रश्न येतीलच त्यांची तयारी ठेव: लीडला कसं पटवलंस, पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं करशील, जुनं राउंडिंग बरोबर होतं की नवं हे तू बँकेला विचारलंस का. शेवटचा प्रश्न मी तर नक्की विचारीन.

कृष्णाकाठ

विचारलं होतं. त्यांनी लेखी कळवलं की करारात प्रत्येक पायरीचं राउंडिंगच आहे. मेल आहे अजून.

रात्रपाळी

मग अजून काय पाहिजे तुला.

भीमाथडी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी १४ महिने हेच केलं. साडेचारशे प्रश्न, तीन कंपन्यांचे लूप, तिन्हीकडून नकार आणि कारण कुणीच सांगितलं नाही, दोन ओळींचा ईमेल. तिसऱ्या नकारानंतर माझी झोप गेली होती, घरी चिडचिड, मुलाचा पहिला वाढदिवस मला धड आठवत नाही. आता खराडीत ४० माणसांच्या एका प्रॉडक्ट कंपनीत आहे, तिथे मला घरी करायला एक छोटं काम दिलं होतं आणि त्यावर दोन तास बोलले, संपलं. पगार त्या मोठ्या कंपन्यांच्या मानाने कमी आहे पण रोज कोड लिहितो आणि सातला घरी असतो.

या लूपमध्ये नशिबाचा भाग खूप मोठा असतो हे कुणी उघड बोलत नाही. होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं टूल) लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलला गूगलने २०१५ मध्ये नाकारलं होतं, त्याच्याच म्हणण्याप्रमाणे त्यांचेच इंजिनिअर त्याचं सॉफ्टवेअर वापरत होते आणि बायनरी ट्री उलटा करायचा प्रश्न अडला. आणि गूगलच्याच लोकांनी आधी बसमध्ये किती गोल्फचे बॉल मावतील असली कोडी वर्षानुवर्षं विचारली आणि मग २०१३ मध्ये त्यांचे एचआर प्रमुख लास्लो बॉक यांनी सांगितलं की त्याने काहीही कळत नाही, वेळ वाया गेला. तोपर्यंत किती जण घरी गेले असतील. द्या इंटरव्ह्यू, पण त्यावरून स्वतःची किंमत ठरवू नका.

रात्रपाळी

भीमाथडी, तुमचं म्हणणं मी खोडणार नाही. मी स्वतः "घ्या" म्हणून लिहिलेले लोक नाकारले गेलेत आणि त्यांना कारण सांगायची मला परवानगी नसते, याचा मला त्रास होतो. चुकीचा माणूस आत येण्यापेक्षा चांगला माणूस बाहेर राहिलेला परवडला, अशीच ही पद्धत बांधली आहे. म्हणून तर वर्षभराने पुन्हा अर्ज करणारे इतके जण आत आहेत. मी दुसऱ्या खेपेला लागलो.

चिपळूणची_सई

मी सिॲटलला असते, आठ वर्षं झाली. ॲमेझॉनच्या लूपला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत करून घ्या, तिथे बिहेवियरल हा वेगळा राउंड नसतो, प्रत्येक राउंडमध्ये थोडा थोडा असतो. त्यांची १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स आहेत आणि प्रत्येक इंटरव्ह्यूअरला त्यातली दोन-तीन वाटून दिलेली असतात. शिवाय एक बार रेझर असतो, तो मुद्दाम दुसऱ्या टीमचा, त्याला ती जागा भरायची घाई नसते आणि त्याने नाही म्हटलं तर हायरिंग मॅनेजरलाही घेता येत नाही. तुमची १७ खात्यांची गोष्ट तिथे "डाइव्ह डीप" (खोलात जा) या प्रिन्सिपलमध्ये चपखल बसेल.

आणखी एक प्रश्न हमखास येतो, तुमची एखादी मोठी चूक सांगा. तेव्हा खरी चूक सांगा, "मी जास्त काम करतो" असलं नको. आत गेल्यावर कळतं की ते हे का विचारतात. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनचं एस-थ्री (फाइली साठवायची क्लाउड सेवा) बंद पडलं होतं, अर्धं इंटरनेट अडलं चार तास. कारण काय तर बिलिंगची एक अडचण शोधताना कुणीतरी कमांड देताना त्यातला एक भाग चुकीचा टाकला आणि थोडे सर्व्हर काढायचे ते खूप निघाले. त्यांनी नंतर जे जाहीर केलं त्यात त्या माणसाचं नाव नाही, दोषही नाही. त्यात आहे ते असं, की आमचं टूल इतके सर्व्हर एकदम काढू देत होतं ही चूक, आता ते हळूहळू काढेल आणि कमीत कमी मर्यादेखाली जाऊच देणार नाही. माझ्या हातून पहिल्या वर्षी (दुसऱ्या कंपनीत) एक कॉन्फिग चुकीचं गेलं होतं, रात्री पावणेतीनला पेजर (बिघाडाचा अलार्म) वाजला, मी रडवेली होऊन कॉलवर आले आणि आमच्या सीनिअरने पहिलं वाक्य म्हटलं ते हे, की आधी रोलबॅक करू (जुनं परत आणू), बाकी सकाळी चहा घेताना. सकाळी पोस्टमॉर्टेममध्ये (काय चुकलं ते लिहितात त्यात) माझं नाव नव्हतं, "इंजिनिअरने" एवढंच होतं. सगळीकडे असं असतं असं म्हणत नाही, टीमवर फार असतं. म्हणून टीम मॅचच्या (कुठली टीम मिळणार ते ठरायच्या) कॉलवर विचारा, ऑन-कॉल (बिघाड सांभाळायची पाळी) किती आठवड्यांनी येतो, रात्री सरासरी किती वेळा पेजर वाजतो, हैदराबादची टीम दिवसा आणि अमेरिकेची रात्री असं वाटून घेतलंय की सगळं तुमच्यावरच. हे विचारल्याने कुणी ऑफर काढून घेत नाही.

ले-ऑफचं खोटं सांगणार नाही. जानेवारी २०२३ च्या एका महिन्यात गूगलने १२ हजार, मायक्रोसॉफ्टने १० हजार आणि ॲमेझॉनने १८ हजार जणांना काढायचं जाहीर केलं, त्यात माझ्या ओळखीचे उत्तम काम करणारे होते. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय काही नवीन घ्यायचं नाही. तुमचा ३८ हजारांचा हप्ता आणि दोन घरं धरून तो आकडा काढा आणि जॉइनिंग बोनस आला की आधी तिकडे टाका.

ताळेबंद

मी सीए आहे, पुण्यात, या कंपन्यांतले बरेच जण येतात माझ्याकडे आणि बहुतेक उशिराच येतात म्हणून लिहितो. ऑफरमध्ये जो मोठा आकडा दिसेल त्यात आरएसयू असतील, म्हणजे शेअर, आणि ते चार वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळतात. ॲमेझॉनची वाटणी बरीच वर्षं ५, १५, ४०, ४० टक्के अशी राहिली आहे, म्हणजे पहिल्या दोन वर्षांत फक्त पाचवा भाग. तेव्हा चार वर्षांच्या आकड्याला चारने भागून पगार समजू नका, वर्षवार तक्ता मागा.

शेअर ज्या दिवशी तुमच्या नावावर होतो त्या दिवशीच त्याची किंमत पगारात धरली जाते आणि टीडीएस कापला जातो, सहसा काही शेअर विकूनच. तुम्ही विकला नाही तरी. पुढे विकला की त्या दिवसापासूनच्या वाढीवर कॅपिटल गेन, २४ महिन्यांच्या वर ठेवला असेल तर १२.५ टक्के. आणि सगळ्यात महत्त्वाचं, परदेशी शेअर आला की आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरायचा आणि त्यात शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता), आणि ते एप्रिल-मार्च नाही, जानेवारी ते डिसेंबर. हे न दाखवल्यास ब्लॅक मनी कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. ऑक्टोबर २०२४ पासून २० लाखांपर्यंतच्या शेअर वगैरेंना त्यातून सूट दिली आहे, पण दोन-तीन वर्षांत तुम्ही त्याच्या वर जाल, सवय पहिल्या वर्षीच लावा.

निळी_छत्री

ताळेबंद सर, हे वेगळ्या धाग्यात टाका ना, सगळ्यांना सापडेल.

कृष्णाकाठ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. भीमाथडी सर, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे लक्षात ठेव. आम्ही ठरवलंय की या खेपेला नाही झालं तर सहा महिने पहाटेचं बंद.

दोनच शंका. एक, सिस्टम डिझाइन मी कधीच केलेलं नाही, चार आठवड्यांत काय होईल? दोन, जरा विचित्र वाटेल, माझ्या ओळखीतल्या एकाने ऑनलाइन राउंडला एआयचं टूल लावून दिलं आणि निघालं म्हणे. तो मलाही लाव म्हणतोय. माझं मन होत नाहीये, पण मग माझ्यासारखे मागे पडतात का?

रात्रपाळी

दुसऱ्याचं आधी. लावू नको. डोळे वाचताना डावीकडून उजवीकडे फिरतात ते कॅमेऱ्यात दिसतं, आणि "हीच पद्धत का घेतलीस, हॅशमॅप का नाही" असं मध्येच विचारलं की गाडी थांबते. तुझा एक राउंड प्रत्यक्ष का ठेवलाय असं वाटतं? सुंदर पिचाईंनी २०२५ मध्येच सांगितलं की गूगल किमान एक राउंड समोरासमोर घेणार. आणि ज्याने १७ खात्यांसाठी तीन दिवस घातले त्याने हे केलं तर मला खरंच वाईट वाटेल.

सिस्टम डिझाइनला आकृतीतले बॉक्स काढायची घाई करू नको, आधी आकडे विचार. दिवसाला १० कोटी रिक्वेस्ट म्हटलं तर ८६,४०० ने भाग, सेकंदाला साडेअकराशेच्या आसपास, गर्दीच्या वेळी त्याच्या कितीतरी पट. वाचणारे जास्त की लिहिणारे? डेटा एक मिनिट जुना चालेल का? या उत्तरांवरच कॅश (पुन्हा लागणारा डेटा हाताशी) ठेवायचा की नाही, डेटाबेस कसा विभागायचा हे ठरतं. तू ४० लाख खात्यांचा बॅच हाताळलायस, दर मेमरीत घेतलेस म्हणजे कॅशच केलास, गठ्ठे केलेस म्हणजे बॅचिंग. तुला येतं, फक्त नावं माहीत नव्हती. सहा वर्षांच्या माणसाला या राउंडवरून लेव्हल (कंपनीतली पायरी) ठरते, निकाल खूपदा "घ्या, पण एक लेव्हल खाली" असा येतो, तो आला तर नाराज न होता आकडे बघून ठरव.

आणि एक छोटं. बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीत दरवेळी अर्धा भाग वगळत शोधणं) लिहिताना मधला इंडेक्स लो आणि हायची बेरीज भागिले दोन असा काढतोस ना? तो मोठ्या ॲरेला फुटतो, बेरीज इंटमध्ये (ठरावीक मापाच्या पूर्णांकात) मावत नाही. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत हा बग नऊ वर्षं होता, ज्यांनी तो कोड लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये जाहीर लिहिलं. हायमधून लो वजा करून त्याचं अर्धं लोमध्ये मिळव. तू जावावाला आहेस, तुला कुणीतरी विचारेलच.

कृष्णाकाठ

आत्ता माझे जुने सबमिशन उघडून बघितले. सगळीकडे बेरीजच आहे.

दादा, हक्काने विचारतो, एक मॉक (सरावाचा इंटरव्ह्यू) घ्याल का? तुम्हाला जमेल तेव्हा, अर्धा तास मिळाला तरी चालेल.

रात्रपाळी

शनिवारी रात्री ९ ला बस, पूर्ण ४५ मिनिटं घेऊ. कोरं डॉक्युमेंट मी शेअर करतो, कंपायलर नसेल, ऑटोकम्प्लीट नसेल. मी टाइप करत राहीन, लक्ष देऊ नको. संपल्यावर माझं पान तुला वाचायला देतो.

निळी_छत्री

आणि रेकॉर्डिंग लावा.